बोर्ड गेला, असं म्हणण्याआधी

आत ये आणि दार लावून घे. बाकीची मुलं गेल्यावर तुला मुद्दाम थांबवलं. त्यांच्यासमोर बोललो असतो तर तुझं अर्धं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांकडे राहिलं असतं. मला ते सगळं इथे हवं आहे.

खानवेलच्या त्या मुलीचे वडील आज सकाळी माझ्याकडे आले होते. मसाटच्या यार्न कारखान्यातली रात्रपाळी संपवून, घरी न जाता. पिशवीत लॅपटॉप होता. म्हणाले, "सर, तुमच्या विद्यार्थ्याने बोर्ड गेला म्हणून सांगितलंय. आता दुसराच घ्यावा लागेल ना?" दुसरा घ्यायचा तर पैसे कोणाकडून उसने मागायचे, ती नावंसुद्धा त्यांनी मनात ठरवून ठेवली होती.

बोर्ड गेलेला नाही. तो लॅपटॉप तुझ्याकडे आला तेव्हा त्यात कसलाच बिघाड नव्हता. लेनोवोच्या त्या मशीनमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’ चालू होता. लिथियम-आयन बॅटरी कायम १०० टक्के भरलेली ठेवली की लवकर थकते, म्हणून कंपन्या ही सोय देतात. लेनोवोच्या जुन्या मॉडेलांत चार्जिंग ६० टक्क्यांच्या आसपास थांबतं, नव्यांत ८०च्या आसपास. असुस, डेल, एचपी, सगळ्यांकडे या ना त्या नावाने ही सोय आहे. मुलीच्या हातून कधीतरी ते बटण दाबलं गेलं. आकडा ६० वर अडला, खाली ‘प्लग लावलेला आहे, चार्ज होत नाही’ अशी ओळ आली आणि ती घाबरून तुझ्याकडे आली. मी कंपनीचं अ‍ॅप टाकलं, तो मोड बंद केला. ते गृहस्थ समोर बसलेले असतानाच आकडा ६१ झाला.

आता तू काय काय केलंस ते मी सांगतो. मध्ये बोलू नकोस.

पहिल्यांदा तू विंडोज फॉरमॅट केलंस. चार्जिंगच्या तक्रारीवर फॉरमॅट! कशासाठी? तर सगळे करतात म्हणून. तिच्या प्रोजेक्टच्या फाइल्स गेल्या, फोटो गेले, आणि तू तिला एका शब्दाने विचारलं नाहीस. त्यातून साधलं काय? ही मर्यादा विंडोजमध्ये नसते. ती बोर्डावरच्या एम्बेडेड कंट्रोलरमध्ये, ज्याला आपण ‘ईसी’ म्हणतो त्यात बसलेली असते. विंडोज दहा वेळा पुसलंस तरी ती तशीच राहणार. उलट ज्या अ‍ॅपमध्ये ते बटण डोळ्यांसमोर दिसलं असतं, ते अ‍ॅपच तू फॉरमॅटबरोबर पुसून टाकलंस. उत्तर मशीनमध्येच होतं आणि ते तुझ्या हाताने गेलं.

मग तू बॅटरी काढलीस, वापीहून दुसरी आणून बसवलीस आणि तिचे पैसे घेतलेस. नवी बॅटरीही ६० वर येऊन थांबली. खरं तर तिथे तुझे डोळे उघडायला हवे होते. दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या नेमक्या एकाच आकड्यावर का थांबतात? बिघाड असा नेमका, गोल आकडा पाहून थांबत नाही. कोणीतरी ठरवून दिलेली मर्यादाच तशी थांबते. एवढा एक प्रश्न तू स्वतःला विचारला असतास तर पुढचं काही घडलं नसतं. तू मात्र ‘बोर्ड गेला’ म्हणून मोकळा झालास.

बोर्ड गेला म्हणजे काय गेलं? सांग मला. त्या हिरव्या पाटीवर शेकडो भाग आहेत, त्यातला कोणता गेला? जॅकमधून आलेले १९ व्होल्ट आधी दोन मॉसफेटमधून जातात, मग एका अगदी बारीक किमतीच्या सेन्स रेझिस्टरमधून मुख्य रेलवर येतात. तिथून ३.३ आणि ५ व्होल्टचा कायमचा पुरवठा तयार होतो, त्यावर ईसी जागा होतो, आणि तो जागा असेल तरच पॉवरच्या बटणाला अर्थ असतो. चार्जिंगची आयसी त्या सेन्स रेझिस्टरवरचा फरक वाचते आणि बॅटरीला किती करंट द्यायचा ते ठरवते. हा सगळा रस्ता मी फळ्यावर काढून दाखवलेला आहे. तुझ्या वहीतही तो आहे, मी आत्ताच पाहिला. या रस्त्यावर कुठपर्यंत व्होल्टेज पोहोचतं आणि कुठे तुटतं, एवढंच शोधायचं असतं. ते न शोधता बोर्ड गेला म्हणणं म्हणजे नाडी न पाहता माणूस गेल्याचं सांगण्यासारखं आहे. आणि तो लॅपटॉप तर चालू होता. पडदा उजळत होता, पंखा फिरत होता, अडॅप्टरवर तासन् तास चालत होता. मुख्य रेल शाबूत असल्याशिवाय हे होतं का?

तुला या विषयाची आवड आहे, हे मला माहीत आहे. वर्गात सगळ्यात आधी तूच मागच्या बाकावरून पुढे येतोस, जुन्या हार्ड डिस्क उघडून त्यातले चुंबक काढतोस, रात्री उशिरापर्यंत बोर्ड दुरुस्तीचे व्हिडिओ पाहतोस. म्हणूनच मी रागावलो आहे. ज्याला आवड नाही तो फारसं नुकसान करत नाही, कारण तो स्क्रूड्रायव्हर उचलतच नाही. तू उचलतोस, आणि लोक तुझ्या हातात मशीन देतात. आमलीच्या चाळींतली पोरं, राखोलीचे दुकानदार, सगळे तुझ्याकडे येतात, कारण तू स्वस्तात करतोस आणि आत्मविश्वासाने बोलतोस. तो आत्मविश्वास अजून तू कमावलेला नाहीस. व्हिडिओतल्या माणसाकडून घेतलेला आहे. व्हिडिओत तो माणूस थेट कपॅसिटरवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हा बघा, शॉर्ट. त्याआधी तिथे पोहोचायला त्याने घेतलेली रीडिंगं कापून टाकलेली असतात. तू फक्त बोट ठेवायला शिकलास.

गेल्या महिन्यातला तो डेल आठवतो? अडॅप्टर तपासलास, मीटरवर १९.५ आले, म्हणून अडॅप्टर चांगला आणि बॅटरी खराब असा निकाल दिलास. मीटर लावलंस याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. पण काय मोजतोय हे कळल्याशिवाय मोजण्याचा उपयोग नाही. डेलच्या त्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक तिसरी पिन असते. तिच्यातून अडॅप्टर आपण किती वॉटचा आहोत ते लॅपटॉपला सांगतो. ती पिन वाकली, तुटली किंवा जॅकमधला तिचा टाका सुटला की १९.५ व्होल्ट पूर्ण मिळत राहतात, लॅपटॉप चालतो, पण अडॅप्टर ओळखता आला नाही असा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद केला जातो. त्या दुकानदाराने तुला दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. सुरू होताना काहीतरी इंग्रजीत येतं, आणि हल्ली टॅली फार हळू चालतं. तू दुसरी गोष्ट ऐकलीच नाहीस, कारण तुझ्या मते तक्रार चार्जिंगची होती.

आपल्या कामात गिऱ्हाइकाचं बोलणं हे पहिलं रीडिंग असतं. कधीपासून होतंय, त्याआधी काय झालं, पडला होता का, पाणी गेलं का, दुसऱ्या कोणी उघडला होता का, दुसरा चार्जर लावून पाहिला का. खानवेलच्या मुलीला तू यातलं काय विचारलंस? ती घाबरत बोलते, मराठी-वारली मिसळून बोलते, म्हणून तू तिचं अर्धं ऐकून मशीन ओढून घेतलंस. तिने तुला ‘६० पर्यंत होतं आणि थांबतं’ असं सांगितलं होतं. वडिलांनी मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रोगाचं नाव तिच्या तोंडून आलं होतं.

नुसते व्होल्ट मोजून अडॅप्टर पास करायचा नाही, हेही मी शिकवलं आहे. लोड नसताना खराब अडॅप्टरही १९ दाखवतो. आत फुगलेला कपॅसिटर असेल तर खरा करंट ओढला की तो कोसळतो आणि लॅपटॉपचा दिवा लुकलुकतो. ट्रकच्या इंडिकेटरचे २४ व्होल्ट, २१ वॉटचे बल्ब या गावात कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात, एवढे ट्रक रोज कारखान्यांत येतात. ६५ वॉटच्या अडॅप्टरवर असे तीन बल्ब समांतर लाव, एकेक करून लाव. तीन मिळून साधारण ४५ वॉट ओढतील. तेवढ्या लोडवर व्होल्टेज टिकलं तर मग त्या अडॅप्टरबद्दल बोल.

आणि टाइप-सीचा चार्जर आला की तुझं ते मीटर तसंच लावू नकोस. समोर उपकरण जोडलं गेल्याचं कळल्याशिवाय तो वीजच सोडत नाही. मग दोघांचं आपसात ठरतं आणि त्याप्रमाणे ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट मिळतात. मोकळ्या टोकावर शून्य दिसलं म्हणून चांगला चार्जर कचऱ्यात टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. केबलचंही तसंच. ३ अँपिअरच्या वर करंट न्यायचा तर केबलमध्ये स्वतःची ओळख सांगणारी चिप लागते. साध्या केबलवर २० व्होल्टला ६० वॉटच्या पुढे जाता येत नाही. मोठा लॅपटॉप अशा केबलवर ‘हळू चार्ज होतोय’ म्हणणारच. तिथे बिघाड कसला?

आता बॅटरीकडे ये. तुझी पिशवी उघड. मला दिसलं सकाळी. त्या मुलीची मूळ बॅटरी तू तशीच पिशवीत टाकली आहेस, किल्ल्या आणि स्क्रूड्रायव्हरबरोबर. काढताना ती पट्टीने उचकटलीस, एका कोपऱ्यात वाकली आहे. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे. त्या पातळ पिशवीसारख्या सेलमध्ये दोन थरांच्या मध्ये अतिशय पातळ पडदा असतो. तो वाकून फाटला की आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते, आणि ती विझवणं सोपं नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये डेलला ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. सेल सोनीचे होते. १९९१मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणणारी तीच सोनी. बनवताना धातूचे बारीक कण आत राहिले आणि त्यांच्यामुळे सेलच्या आत शॉर्ट होण्याचा धोका निर्माण झाला. तसल्या कारखान्यात, तसल्या नियंत्रणाखाली हे झालं. आणि तू स्क्रूड्रायव्हरबरोबर बॅटरी घेऊन बसमधून प्रवास करतोस, शेजारी माणसं बसलेली असताना.

बॅटरी वाईट आहे हे तू कशावरून ठरवलंस? कनेक्टरवर शून्य व्होल्ट आले म्हणून? अनेक नव्या पॅकमध्ये लॅपटॉपला जोडल्याचा इशारा मिळेपर्यंत आतलं सर्किट बाहेरचा पुरवठा बंदच ठेवतं. शून्य दिसणार. त्यापेक्षा तिच्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ एवढं चालवलं असतंस तर मिनिटभरात कागद हाती आला असता. मूळ क्षमता किती, आज पूर्ण भरल्यावर किती, किती वेळा चार्ज झाली. समजा मूळ ४५,००० मिलिवॉट-अवर आणि आज ४०,००० असेल तर ती बॅटरी तरणीताठी आहे. २०,००० असेल तर बदलायला सांग, आणि तो रिपोर्ट गिऱ्हाइकाला दाखवून सांग. एक पैसा खर्च न करता, एकही स्क्रू न काढता होणारी तपासणी तू केली नाहीस आणि थेट पाठ उघडलीस.

तू आणलेल्या बॅटरीवर कसलाही नोंदणी क्रमांक नाही, मी पाहिलं. लॅपटॉपचे अडॅप्टर आणि लिथियम बॅटऱ्या या देशात भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. लेबलवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की बनवणारा कोण ते कळतं. आपलं गाव कारखान्यांचं आहे, इथल्या माणसाला लेबल वाचायला कोणी शिकवायला नको. तरी तू फक्त किंमत वाचलीस.

स्क्रूंबद्दलही बोलायचं आहे. मागच्या झाकणाला दोन लांबीचे स्क्रू असतात. तू लांब स्क्रू आखूड भोकात पिळला आहेस, टचपॅडशेजारी फुगवटा दिसतो आहे. थोडा आणखी पिळला असतास तर बोर्ड खरोखर गेला असता. कागदावर लॅपटॉपची चौकट काढायची आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावायचा, ही सवय मी पहिल्या आठवड्यात लावली होती. आणि झाकण उघडल्यावर पहिलं काम कोणतं? बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तू आधी रिबन ओढलीस. बॅटरी जोडलेली असताना तुझा चिमटा घसरला असता तर?

तिचा पासवर्ड तू कागदावर लिहून झाकणाला चिकटवलास. मुलीचा लॅपटॉप आहे तो. तिचे फोटो, तिचे निरोप, तिची बँक त्यात आहे. काम झाल्यावर तो कागद तसाच परत गेला. मी तो फाडला आणि तिच्या वडिलांना पासवर्ड बदलायला सांगितलं. पुन्हा कोणाचा पासवर्ड मागायचा नाही. माणूस समोर बसलेला असेल तर त्याने स्वतः टाकावा, नसेल तर बायोसमध्ये आणि पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून जेवढं तपासता येतं तेवढं तपासायचं.

तू म्हणशील, इथे पावसाळ्यात खरोखरच बोर्ड जातात. जातात. चार महिने दमट हवा, जॅकमध्ये हिरवा थर चढतो, रॅमच्या पट्ट्या काळवंडतात, यार्न कारखान्यांच्या आसपासच्या घरांत पंख्यात कापसासारखा गोळा बसतो आणि मशीन तापून बंद पडतं. चाळींत एका एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सर, फ्रिज आणि लॅपटॉप एकत्र असतात आणि तिसरी पिन मोडून काढलेली असते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात. लोक म्हणतात, लॅपटॉप करंट मारतो. अडॅप्टरमध्ये गोंगाट कमी करायला मेनच्या आणि बाहेरच्या बाजूमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसलं की त्याच्यातून येणारी किंचित गळती तुमच्या बोटांतून जमिनीकडे जाते. त्यावर उपाय सॉकेटमध्ये आहे. म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी गेलास तर लॅपटॉपच्या आधी सॉकेट तपास. फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दोन-चार व्होल्ट. तसं नसेल तर वायरमनला बोलवा असं सांगून ये. तिथे तुझी कमाई शून्य होईल, आणि त्या घरातलं लेकरू सुरक्षित राहील.

आणि बोर्ड खरंच शॉर्ट असेल तेव्हाही एक रीत आहे. आधी मुख्य रेल आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोज. जवळजवळ शून्य आला तर बेंच सप्लायवरून १ व्होल्ट दे, करंटला मर्यादा घालून. वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरव. जिथला ओलावा सगळ्यात आधी उडतो, तिथे उष्णता आहे, आणि बहुतेक वेळा तिथे एखादा तांदळाच्या कणीएवढा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट झालेला सापडतो. काही रुपयांचा भाग. या कामात इतका आनंद आहे की तो मी तुला शब्दांत सांगू शकत नाही, आणि तुझ्या हातात ते कसब येऊ शकतं हे मला दिसतं आहे. पण हॉट एअर गन घेऊन सगळी पाटी भाजणाऱ्याला तो कपॅसिटर कधीच सापडत नाही. त्याच्या टेबलावर फक्त मेलेले बोर्ड साठत जातात आणि गावात लोकांची अशी समजूत होते की लॅपटॉप दुरुस्त होतच नाहीत, फेकायचेच असतात.

मान वर कर. आता ऐक काय करायचं.

ती वाकलेली बॅटरी आत्ता पिशवीतून बाहेर काढ. कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लाव, कोरड्या वाळूच्या त्या पत्र्याच्या डब्यात ठेव, आणि डबा लाकडी कपाटापासून लांब, बाहेर व्हरांड्यात. तिचं पुढे काय करायचं ते मी बघतो, बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, असा नियम २०२२पासून आहे. तिचा लॅपटॉप इथेच आहे. त्यात कन्झर्व्हेशन मोड बंद आहे, पण आत तुझी बिननोंदणीची बॅटरी आहे, ती मी आज रात्रीच काढून ठेवतो. नोंदणीची बॅटरी मागवायची, तिचे पैसे तू द्यायचे. एकदम जमत नसतील तर मी आज भरतो, तू मला थोडे थोडे फेड. मुलीच्या वडिलांकडून घेतलेले पैसे मात्र पूर्ण आणि एकदम परत.

रविवारी सकाळच्या बसने तो लॅपटॉप घेऊन खानवेलला जा. वडिलांना घरी गाठ, मुलगीही समोर असू दे. काय झालं होतं ते तिला समजेल अशा शब्दांत सांग, ते बटण तिला अ‍ॅपमध्ये दाखव, आणि तिला स्वतःच्या हाताने ते एकदा चालू आणि एकदा बंद करायला लाव. फॉरमॅट तू न विचारता केलंस हे स्वतःच्या तोंडाने कबूल कर. तिच्या डिस्कवर तोवर काहीही नवं टाकू नका असं मी सांगून ठेवलं आहे. हार्ड डिस्क असेल तर फाइल्स काही प्रमाणात परत येतील, एसएसडी असेल तर आशा थोडी आहे. सोमवारी ती डिस्क घेऊन ये, आपण दोघं बसू.

आणि तोवर कोणाचंही मशीन उघडायचं नाही. कपाटात खालच्या खणात आठ-दहा बंद अडॅप्टर पडले आहेत. बल्ब आण. प्रत्येकाचं लेबल, बिनलोडचं व्होल्टेज, एका, दोन आणि तीन बल्बांवरचं व्होल्टेज, दहा मिनिटांनी पुन्हा तेच, असं वहीत लिहून मला दाखव. निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेव. तो आपण एकत्र भरू.